लडलोची घरं मागून बघा

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या लडलो गावावर लिहिलं होतं, वेल्सच्या सरहद्दीजवळ श्रॉपशर काउंटीत टीम नदीच्या काठी टेकडीवर बसलेलं दहा-अकरा हजार वस्तीचं बाजाराचं गाव, आणि त्यात एक वाक्य सहज टाकलं होतं की तिथली घरं समोरून बघू नका, मागून बघा. त्या एका वाक्यावर एवढे मेल आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. गच्चीची गळती आणि पोकळ वाजणाऱ्या लाद्या असे प्रश्न ज्यांनी पाठवलेत त्यांनी प्लीज एक अंक थांबा, पावसाळ्याच्या आत उत्तर देते.

प्रश्न (कोल्हापूर) : ताई, मार्केट टाउन मार्केट टाउन म्हणून तुम्ही एवढं कौतुक केलंय पण ते असतंय तरी काय? आमच्याकडं प्रत्येक मोठ्या गावाला आठवडी बाजार हाय, मग वडगावपण मार्केट टाउनच झालं की.

उत्तर : झालं की, नाही कोण म्हणतंय. फक्त मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये बाजार भरवणं हा हक्क होता आणि तो राजाकडून मिळायचा, कोणीही उठलं आणि चार टोपल्या मांडल्या असं चालायचं नाही. जमीनदाराला हा हक्क मिळाला की तो काय करायचा, एक रुंद रस्ता आखायचा, दोन्ही बाजूंना अरुंद तोंडाचे आणि मागे लांबच लांब जाणारे प्लॉट पाडायचा, आणि व्यापारी, कारागीर यांना बोलवून वर्षाच्या ठरलेल्या रोख भाड्यावर द्यायचा. त्यात बाजाराचा टोल वेगळा. म्हणजे आजच्या भाषेत लेआउट पाडून विकणारे डेव्हलपरच ते, फक्त कमरेला तलवार.

लडलो असंच जन्माला आलंय. १०८६ साली इंग्लंडभर जमिनींची जी मोठी मोजदाद झाली त्यात या गावाचं नावच नाही. ११व्या शतकाच्या शेवटी शेवटी दे लेसी नावाच्या नॉर्मन घराण्याने टेकडीच्या टोकावर दगडी किल्ला बांधायला घेतला, मग १२व्या शतकात किल्ल्याच्या दारापासून टेकडीच्या माथ्यावरून पूर्वेकडे बुल रिंग नावाच्या जागेपर्यंत एक लांबरुंद बाजाररस्ता आणि त्याच्या दक्षिणेला नदीकडे उतरणारे मिल स्ट्रीट, ब्रॉड स्ट्रीट असे रस्ते पडले. १९०९ मध्ये सेंट जॉन होप नावाच्या अभ्यासकांनी गावाचा नकाशा मांडून म्हटलं की हे सगळं एका हाताने एका वेळी आखलेलं आहे. पुढे कॉन्झेन म्हणून जर्मनीतून इंग्लंडला आलेले भूगोलतज्ज्ञ होते, त्यांनी प्लॉटच्या हद्दी एकेक करून तपासल्या आणि म्हटलं नाही, गाव टप्प्याटप्प्याने वाढलंय. मला दुसरं पटतं. नकाशा हातात घेऊन चाललं की जोड कळतात, ठिगळ लावलेल्या कपड्यासारखे.

आता तुम्हाला आवडेल अशी गोष्ट. तो लांबरुंद बाजाररस्ता आज सलग दिसत नाही, किल्ल्याजवळचा कॅसल स्क्वेअर तेवढा मोकळा उरलाय. बाकीचा कुठे गेला? अतिक्रमण! रस्त्याच्या मधोमध आधी बाजाराच्या दिवसापुरते स्टॉल लागायचे, मग ते रात्री काढायचे राहिले, मग लाकडी दुकान झालं, मग त्यावर माडी चढली, वर मालक राहायला आला, आणि दोन-चार पिढ्यांत एका मोठ्या रस्त्याच्या जागी चिंचोळे तीन-चार बोळ उरले. किंग स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, हार्प लेन ही आज टूरिस्ट लोक ज्यांचे फोटो काढत फिरतात ती सगळी रांग म्हणजे कोणीही न उठवलेली टपऱ्यांची ओळ आहे. सेंट लॉरेन्स चर्चचा टॉवर १३५ फूट उंच, मैलभर लांबून शेतातून दिसतो, आणि गावात आलं की चर्च सापडत नाही कारण त्याच्या तोंडासमोर ही घरं येऊन बसलीत. मी दोनदा चुकले. शेवटी एका आजीबाईंनी घराघरांमधल्या बोळाकडे बोट दाखवलं.

प्रश्न (पुणे) : मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ३० वर्षं याच लाइनमध्ये. आपण लिहिलंत की ब्रॉड स्ट्रीटवरची विटांची घरं 'आतून लाकडाची' आहेत. क्षमा करा, पण फोटोत स्पष्ट विटांची भिंत दिसते आहे, सरळ ओळीतल्या खिडक्या आहेत. लोड बेअरिंग ब्रिकवर्कच, म्हणजे घराचं वजन पेलणारी विटांची भिंतच वाटते. आपला आधार काय?

उत्तर : सर, तुम्हाला फोटोत दिसतंय ते बरोबरच आहे, वीट आहेच. पण ती बहुतेक ठिकाणी फक्त रस्त्याच्या बाजूला आहे. याला मी मुखवटा म्हणते.

तुम्ही इंजिनिअर आहात तर मी कुठे कुठे बघितलं ते सांगते आणि पुढच्या वेळी गेलात तर तुम्हीही बघा. पहिलं म्हणजे छप्पर. १८व्या शतकातल्या फॅशनच्या घराला उतार कमी हवा, आणि इथे विटांच्या भिंतीमागून एकदम उभं जुनं छप्पर डोकं काढतं, ते लपवायला समोर कठडा उंच केलेला असतो. दुसरं, बोळात शिरून घराची कूस बघायची, तिथे मुखवट्याला खर्च करायला पैसे कोण घालवणार, तिथे लाकडी खांब, तुळया आणि त्यांच्यामधले चौकोन सरळ उघडे दिसतात. विटेची जाडी किती ते कोपऱ्यावर कळतं. तिसरं, आत गेलात तर जमीन एका बाजूला उतरलेली, डोक्यावर जाडजूड तुळई, छत इतकं खाली की उंच माणसाने वाकूनच चालावं, आणि खिडकी मात्र बाहेरच्या नियमाने बसवलेली त्यामुळे आतून ती भलत्याच उंचीवर येते, कुठे तर मजल्याची फळीच खिडकीच्या काचेमागून आडवी गेलेली. आणि चौथं, तळमजला आणि वरचा मजला. जुन्या लाकडी घरात वरचा मजला दीड-दोन फूट रस्त्यावर पुढे आलेला असायचा. विटांचं तोंड लावताना दोनच उपाय, एकतर पुढे आलेला भाग कापायचा नाहीतर खाली त्याच्या रेषेत नवी भिंत उभी करून तळमजला पुढे आणायचा. दुसऱ्या उपायात दोन फूट रस्ता फुकट मिळतो, कोणता जास्त झाला असेल ते सांगायला नको.

हे का केलं? लडलोच्या किल्ल्यात वेल्स आणि सरहद्दीच्या प्रदेशाचा कारभार बघणारं कौन्सिल बसायचं, म्हणजे कोर्ट, वकील, कारकून, अर्जदार, खाणावळी सगळं आलं. १६८९ मध्ये ते कौन्सिलच बरखास्त झालं. किल्ला ओस पडला, पुढे त्याच्या छपराचं शिसंसुद्धा काढून नेलं. गाव बसलं असतं, पण झालं असं की आसपासच्या जमीनदार घराण्यांनी लडलोला हिवाळ्यात येऊन राहायचं ठिकाण केलं, नाच, पत्ते, मुलींची लग्नं जमवणं. त्या लोकांना वीट, सरकत्या खिडक्या आणि दाराच्या दोन्ही बाजूंना खांब हवे होते. पाडून नवं बांधायला खर्च फार, आणि जुनं ओक लाकूड तर अजून दणकट उभं. मग सांगाडा ठेवा, तोंड बदला. अगदी आपल्याकडे जुन्या दुकानाला काच आणि ॲल्युमिनियमचं चकचकीत एसीपी पॅनेल लावतात तसंच झालं हे, फक्त त्यांचं पॅनेल तीनशे वर्षं टिकलं आणि देखणं निघालं.

यातला माझा सगळ्यात आवडता नमुना मिल स्ट्रीटवरचा गिल्डहॉल. पामर्स गिल्ड नावाची तिथली श्रीमंत धार्मिक मंडळी होती, गावात जागोजागी त्यांची घरं आणि दुकानं. त्यांचा हा हॉल १५व्या शतकाच्या सुरुवातीचा, आत अस्सल मध्ययुगीन लाकडी काम. १७६८ मध्ये त्याला नवं तोंड लावायचं ठरलं आणि आर्किटेक्ट होते थॉमस फार्नल्स प्रिचर्ड. तेव्हा टोकदार कमानींची हौसेची गॉथिक फॅशन होती, म्हणून त्यांनी बाहेर नाजूक नाटकी गॉथिक दार-खिडक्या लावल्या. म्हणजे आत खरं गॉथिक आणि त्यावर खोट्या गॉथिकचा मुखवटा! मी दारात उभी राहून एकटीच हसत होते, लोक बघायला लागले. आणि हे प्रिचर्ड कोण, तर काहीच वर्षांनी सेव्हर्न नदीवरच्या जगप्रसिद्ध लोखंडी पुलाचं डिझाइन करणारे. पूल १७७९ मध्ये उभा राहिला, ते १७७७ मध्येच गेले, त्यांनी तो बघितला नाही.

एकच गोष्ट तुमच्या बाजूने. ब्रॉड स्ट्रीटवर पूर्णपणे विटांची नवी बांधलेली घरंही आहेत, सगळीच सोंगं नाहीत. म्हणून तर मागे जावं लागतं.

प्रश्न (नागपूर, आर्किटेक्चरची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी) : मॅम ते ब्लॅक अँड व्हाइट घर फेदर्स हॉटेल, त्याचं लाकूड ४०० वर्षं कसं काय टिकलं? खिळे नाहीत म्हणतात ते खरं आहे का? आणि काळं का रंगवायचे, वाळवीसाठी का? सबमिशन आहे प्लीज लवकर सांगा ना.

उत्तर : सबमिशन झालं असेल एव्हाना, सॉरी गं. पण ऐक.

सांगाड्याला खिळे नाहीत हे खरं. ओक ओला असतानाच कापायचा, कारण वाळलेला ओक म्हणजे लोखंड, करवतीचे दात जातात. सुताराच्या आवारात जमिनीवर अख्खी भिंत आडवी जुळवायची, एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, आरपार भोक आणि त्यात ओकचीच मेख. मग प्रत्येक जोडावर पटाशीने खूण करायची, रोमन आकडे, कारण ते सरळ रेषांचे, कोरायला सोपे. सगळं सुटं करायचं, बैलगाडीत घालून प्लॉटवर न्यायचं आणि खुणा बघून पुन्हा उभं करायचं. फर्निचरच्या खोक्यातून येणारा तो चित्रांचा कागद असतो ना, तोच प्रकार. उभं राहिल्यावर लाकूड हळूहळू वाळतं, पीळ घेतं, आणि जोड आणखी घट्ट आवळतो. घर वाकडं दिसतं पण पडत नाही. आपण वाकडेपणा बघून घाबरतो, तिथला सुतार तो धरूनच चालायचा.

खांबांच्या मधले चौकोन कशाने भरायचे हे तुला पुस्तकात दुसऱ्याच नावाने सापडेल पण आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, कूड. उभ्या काठ्या, त्यात आडव्या काटक्या विणायच्या, वर माती, शेण आणि गवताचा गिलावा. कोकणातल्या कारवीच्या कुडाला जो हात लावून आलाय त्याला लडलोतली भिंत समजावून सांगायला नको. नंतर बऱ्याच ठिकाणी कूड काढून तिथे वीट भरली. म्हणजे लाकडी सांगाडा आणि मध्ये वीट, जे पुण्याच्या वाड्यात आपण बघतोच. फक्त वाड्याचा जीव मधल्या चौकात आणि यांचा रस्त्यावरच्या तोंडात.

वरचा मजला पुढे का आणायचे यावर लोक भांडतात. जागा मिळते, खालच्या भिंतीवर पाऊस पडत नाही, आणि तुळई पुढे काढून तिच्या टोकावर वजन टाकलं की खोलीच्या मधली झोळ कमी होते अशी कारणं सांगतात. तू सबमिशनमध्ये तिन्ही लिही. माझं मत विचारशील तर अजून एक कारण, शेजाऱ्याने केलं म्हणून.

आता रंग. काळा-पांढरा हा बऱ्याच अंशी १९व्या शतकाचा शौक आहे. त्याआधी बहुतेक ठिकाणी लाकूड तसंच सोडायचे, ओक उन्हापावसात चंदेरी करडा पडतो, नाहीतर लाकडासकट सगळ्या भिंतीवर चुन्याचा हात मारायचे. व्हिक्टोरियन काळात डांबर आणि काळा रंग आला, त्यांना 'जुनं इंग्लंड' असंच दिसायला हवं होतं आणि मग दिसायला लागलं. म्हणजे हाही मुखवटाच! वाळवीचा प्रश्न तिथे आपल्यासारखा नाही, त्यांचा त्रास वेगळा, लाकूड पोखरणारा भुंगेरा आणि ओल. आणि त्या ओलीला पुष्कळदा नंतरच्या लोकांनी लावलेला सिमेंटचा गिलावा कारण असतो, पाणी आत अडकतं, लाकूड कुजतं. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. हे मी या कॉलममध्ये शंभराव्यांदा लिहितेय आणि तरी पुढच्या महिन्यात कोणीतरी वाड्याला सिमेंट लावून मग विचारणार आहे.

फेदर्सबद्दल एक. त्या घराच्या तोंडावर लाकडाचं जे कोरीवकाम, हिरकण्या, तिरक्या पट्ट्या आहेत त्यातलं बरंचसं घर उभं राहायला लागत नाही. तो थाट आहे. ओक महाग होत चाललेला असताना एवढं लाकूड नुसतं नक्षीला वापरलं हेच दाखवायचं होतं.

प्रश्न (विजयदुर्ग) : नमस्कार. लडलोच्या किल्ल्याचे मालक क्लाइव्हचे वंशज आहेत असे वाचले. हा क्लाइव्ह म्हणजे आमच्या घेरियावर, म्हणजे विजयदुर्गावर, आलेला तोच काय? गावात त्याची काही खूण आहे काय?

उत्तर : काका, तोच. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचं आरमार आलं आणि जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या रॉबर्ट क्लाइव्ह होता. प्लासी त्यानंतर सव्वा वर्षाने. त्याचं मूळ घर श्रॉपशरमधलंच, हिंदुस्थानातून पैसा घेऊन गेला आणि त्याच काउंटीत जमिनी घेत सुटला, वॉलकॉट हॉल घेतलं, लडलोला अगदी खेटून असलेलं ओकली पार्क घेतलं. पुढे कित्येक वर्षं लडलोमधून पार्लमेंटात कोण जाणार ते या घराण्याच्या मर्जीने ठरायचं.

किल्ल्याचं असं झालं की रॉबर्टचा मुलगा एडवर्ड, ज्याने हेन्रिएटा हर्बर्ट या पॉविस घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं, तो १७९८ पासून १८०३ पर्यंत मद्रासचा गव्हर्नर होता, म्हणजे टिपू सुलतान पडला तेव्हाही. परत गेल्यावर त्याला अर्ल ऑफ पॉविस हा किताब मिळाला आणि १८११ मध्ये त्याने लडलोचा पडका किल्ला सरकारकडून विकत घेतला. आजही किल्ला पॉविस इस्टेटकडेच आहे. टिपूचा तंबू बघायचा असेल तर वेल्समधल्या पॉविस कॅसलला जावं लागतं, लडलोत नाही.

तुम्ही किल्ल्याच्या गावचे आहात म्हणून दोन गोष्टी खास तुमच्यासाठी. लडलोचा मुख्य बुरूज मुळात दरवाजा होता. आधी दोन मजली दाराची इमारत, १२व्या शतकात दार बुजवून तिचाच बालेकिल्ला केला आणि शेजारी तटाला भोक पाडून नवं दार काढलं. बुजवलेल्या कमानीची रेषा भिंतीत अजून दिसते. आणि आतल्या आवारात एक गोल देऊळ आहे, म्हणजे चॅपल, मेरी मॅग्डलीनचं, १२व्या शतकातलं, इंग्लंडमध्ये गोल चॅपल फार थोडी उरलीत. छप्पर गेलंय, आत उभं राहिलं की विहिरीच्या तळाशी असल्यासारखं वाटतं आणि भिंतीच्या कडेने कमानींची माळ फिरलेली. राजा सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर याच किल्ल्यात १५०२ च्या एप्रिलमध्ये वारला, पंधरा वर्षांचा होता, मग धाकटा आठवा हेन्री होऊन गादीवर आला.

प्रश्न (रेडिंग, इंग्लंड) : हाय, आम्ही १२ वर्षं इथे आहोत आणि लडलोचं नाव तुमच्याकडून कळलं, लोल. दोन मुलं आहेत ९ आणि ६, वीकेंडला एक दिवस नेलं तर काय दाखवू? फार चर्च वगैरे नको, बोअर होतात.

उत्तर : चर्चला न्याच. फक्त वर बघू नका, खाली बघा. सेंट लॉरेन्समध्ये गायकमंडळींच्या आसनांखाली उचलून बघायच्या फळ्या आहेत, २८, १५व्या शतकातल्या, आणि त्यांच्या खाली कोरीव चित्रं. भक्तीचं त्यात फार काही नाही. एकीवर माप मारणारी दारूवाली बाई सैतान खांद्यावर टाकून नरकाच्या जबड्यात नेतोय, मुलांना ती शोधायला सांगा, अर्धा तास आरामात जातो. बाजाराच्या गावात सगळ्यात मोठं पाप कोणतं, तर मापात पाप, हे त्या सुताराला पक्कं ठाऊक होतं. येताना दक्षिणेकडचा षट्कोनी पोर्च बघा, तसे देशात दोन-तीनच आहेत.

मग बटरक्रॉसला या. हे ब्रॉड स्ट्रीटच्या डोक्यावर बसलेलं घड्याळाचं दगडी बांधकाम, १७४०च्या दशकात विल्यम बेकरने केलेलं, खाली खांबांमध्ये शेतकरणी लोणी विकायच्या म्हणून हे नाव. मला स्वतःला ते जरा बोजड वाटतं, लहान माणसाने मोठा कोट घातल्यासारखं, पण तिथे पाठ टेकून ब्रॉड स्ट्रीटकडे बघा, रस्ता खाली नदीकडे घसरत जातो आणि तळाला ब्रॉड गेट दिसतं. १२३३ मध्ये गावाला तट बांधण्यासाठी कर घ्यायची राजाची परवानगी मिळाली, त्या तटाची ही वेस. आणि वेशीच्या डोक्यावर १८व्या शतकात कोणीतरी चक्क घर बांधलंय, पडदेबिडदे लावलेलं, त्याखालून आजही गाड्या जातात. मुलांना हेच आवडेल लिहून देते.

आणि मग माझ्यासाठी एक करा. ब्रॉड स्ट्रीटवरून परत वर न येता रेव्हन लेनने या. हा ब्रॉड स्ट्रीट आणि मिल स्ट्रीटच्या मधला, दोन्हीकडच्या प्लॉटांच्या मागचा बोळ. घरांची खरी पाठ, लाकूड, वेडीवाकडी छपरं, परसातल्या लांब भिंती इथून दिसतात. त्या भिंती हीच माझ्या मते गावातली सगळ्यात जुनी गोष्ट. प्लॉट मोजायला तेव्हा साडेसोळा फुटांची काठी वापरायचे, आपल्याकडेही जमीन काठीनेच मोजायचे, आणि आज टेप लावला तर अशा गावांत प्लॉटची रुंदी अजून काठीच्या हिशोबात येते, पूर्ण, अर्धी, पाव. वरचं घर चार वेळा बदललं तरी हद्द का नाही सरकत हे शेतकऱ्याच्या नातवंडांना सांगायला नको, बांध कोरला की काय होतं ते आपल्या कोर्टांत बघा.

वेळ उरला तर गाडीने वीसेक मिनिटांवर स्टोकसे. लडलोचा लॉरेन्स नावाचा लोकरीचा बडा व्यापारी, त्याने किल्ल्यासारखं दिसणारं घर बांधलं, १२९१ मध्ये त्याला तटबंदीची राजाची परवानगी मिळाली. तीन वर्षांनी समुद्रात बुडून गेला. घर मात्र ७०० वर्षं तसंच आहे.

प्रश्न (ठाणे) : स्पष्ट बोलतो. त्यांनी जपलं कारण त्यांच्याकडे पैसा होता, आमच्याच लुटीचा. आमच्या आजोबांच्या वाड्यात ११ वारस, भाडेकरू महिन्याला ४० रुपये देतो, पावसात एक भिंत गेली. आम्हाला हे परदेशी कौतुक ऐकवून काय उपयोग?

उत्तर : राग समजतो आणि लुटीचं वर लिहिलंच आहे. पण लडलोची घरं पैशामुळे वाचली हे मला पटत नाही, निम्मी तर पैसा नसल्यामुळे वाचली. मुखवटे लावले तेव्हा पैसा होता, मान्य. नंतर १९व्या शतकाच्या सुरुवातीला गावातले शेकडो हात हातमोजे शिवण्यावर जगत होते, १८२६ मध्ये परदेशी हातमोज्यांवरची बंदी उठली आणि आधीच ढासळलेला धंदा पार बसला. हिवाळ्याला येणारी श्रीमंत मंडळीही दुसरीकडे जायला लागली. १८५२ मध्ये रेल्वे आली पण कारखाने आले नाहीत. पाडून नवं बांधायची ऐपतच नव्हती लोकांची. सफकमधल्या लॅव्हनमचंही तेच, कापडाचा धंदा गेला आणि लाकडी गाव जसंच्या तसं अडकून पडलं. शिवाय आग. डॉर्सेटमधलं ब्लँडफर्ड फोरम १७३१ च्या जूनमध्ये एका दिवसात जवळजवळ सगळं जळालं आणि जॉन आणि विल्यम बॅस्टर्ड या भावांनी ते नव्याने उभं केलं, तिथला चौक सुंदर आहे पण मागे जाऊन बघायला काही नाही, मागेपुढे एकाच वयाचं. लडलो तसं जळालं नाही हा नशिबाचा भाग.

कायदा फार उशिरा आला. इमारतींची संरक्षित यादी १९४७ च्या नियोजन कायद्याने सुरू झाली, अख्खा परिसर जपायची तरतूद १९६७ मध्ये, आणि तसा जाहीर झालेला इंग्लंडमधला पहिला परिसर स्टॅमफर्ड, तेही बाजाराचंच गाव. आणि यादी आल्यावरही सगळं वाचलं असं नाही. लडलोच्या बाजारचौकात १८८०च्या दशकातला लाल विटांचा थोराड टाउन हॉल होता, खाली मंडई. गावातल्या कित्येकांना तो कुरूप वाटायचा. १९८६ मध्ये पाडला. आज तिथे उघड्यावर बाजार भरतो, किल्ला मोकळा दिसतो, सगळे म्हणतात छान झालं. मला विचाराल तर चूक झाली. शंभर वर्षांची इमारत नेहमीच सगळ्यात कुरूप वाटते, दोनशेची झाली की तिचेच फोटो काढतात.

तुमच्या वाड्याचं म्हणाल तर ११ वारस आणि भाडेकरू यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते वकिलाचं काम. पण भिंत पडली म्हणून वाडा गेला असं समजू नका. सांगाडा लाकडी असेल तर मधली भिंत नुसती भरताड असते, वजन खांब-तुळयांवर असतं. खांबांचे पाय जोत्याच्या दगडापाशी कुजलेत का ते तेवढं बघा, पातळ पेचकस टोचला आणि सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून नवं लाकूड जोडता येतं. लडलोत तेच करतात. फोटो पाठवा, पडलेल्या भिंतीचे नकोत, खांबांच्या पायांचे आणि मागच्या बाजूचे.

आणि एक दुरुस्ती. डोंबिवलीच्या एका वाचकाने माझी चूक पकडलीय. मागच्या लेखात मी फेदर्स १६१९ पासून खानावळ आहे असं ठोकून दिलं होतं. १६१९ मध्ये ते रीस जोन्स या वकिलाने स्वतःसाठी बांधलेलं घर होतं, कौन्सिलच्या कोर्टावर बरकत आलेला माणूस. खानावळ झाली ती साधारण १६७० च्या सुमारास. मुख्य दाराच्या कुलपाच्या पत्र्यावर त्याची आद्याक्षरं अजून आहेत, आर आणि आय, तेव्हा जे हे अक्षर आयसारखंच लिहायचे. मी त्या दारातून दोन दिवस ये-जा केली आणि कुलूप बघितलंच नाही.